शायराच्या तोंडावरचा शिक्का

तव्यावरचा तांदळाच्या पिठाचा चिला उलटायच्या आतच दार वाजलं. योगेश्वरीने पदराला हात पुसत कडी काढली. दारात उदाराम उभे होते. तिचा नवरा खुमेंद्र ज्या पोस्टात आहे, तिथूनच ते रिटायर झालेले. जाड चष्मा, हातात एक पाकीट.

"काकाजी, ऑफिस उघडाले वेळ आहे," खुमेंद्र आतून हसला. "सवय सुटून नाही राहिली वाटते!"

"सुटली असती त कायले आलो असतो?"

ते खाटेवर टेकले, पण पाकीट काही खाली ठेवेनात. चिलाही घेतला नाही. तेव्हा योगेश्वरीने गॅस बंद केला आणि समोर बसली. मग ते सांगू लागले.

उदारामांनी नोकरीभर तिकिटांवर तारखेचा शिक्का मारला. बोलता बोलताही ठोका बरोबर पडे. त्यांचा दोस्त चुन्नीलाल, बाजारातला कापडवाला, उर्दू वाचणारा. संध्याकाळी तो दुकानात एका जुन्या शायराच्या ओळी ऐकवी. त्या शायराचं शहर उजाड झालं, पोरं डोळ्यांदेखत गेली, मेल्यावर कबरही हरवली. "फूल वाहाचं म्हटलं त जागा नाही," चुन्नीलाल हळहळे.

मग नव्याण्णव साली त्या शायराचं तिकीट निघालं. चुन्नीलालने ते पाकिटाला लावून आपल्याच पत्त्यावर टाकलं. शिक्क्यासकट जपायचं होतं. नेमके राखीचे दिवस, पाकिटांचा ढीग. उदारामांचा हात सवयीने पडला तो थेट तोंडावर. डोळे, दाढी, सगळं शाईत गेलं.

चुन्नीलाल भांडला नाही. "याले तरी सोडाचं होतं, उदाराम," एवढंच म्हणाला. त्याच हिवाळ्यात तो वारला.

उदारामांनी पाकीट पुढे केलं. वर तेच तिकीट, कोरं. पत्ता चुन्नीलालच्या बायकोचा, मुन्नीबाईचा.

"इतके दिवस काऊन नाही टाकलं, काकाजी?" योगेश्वरीने विचारलं.

"हिंमत नाही झाली, सूनबाई. आता नजर जाऊन राहिली. मुन्नीबाईनं ते खराब पाकीट अजून चुन्नीलालच्या फोटोमागं ठेवलं आहे."

"मग हातानंच नेऊन द्या ना."

"बिनाशिक्क्याचं त कोणीही देईल. त्याले डाकेनं आलेलं पाहिजे होतं."

खुमेंद्र केव्हाच हसायचा थांबला होता. उदारामांनी पाकीट त्याच्या हातात ठेवलं.

"आता शिक्का तुह्या हाती आहे, बापू. कोपऱ्यावर मार. तोंडावर नको."