करदोड्याच्या गाठी
परवा बाजारात काळ्या करदोड्यांचा झुबका टांगलेला दिसला आणि महायुद्ध संपलं त्या सालचा राजूरचा दवाखाना आठवला. मी तिथे नवाच डॉक्टर होतो. एक शेतकरी बायकोला घेऊन आला. आजारी तोच होता: हातपाय काटकुळे, डोळे पिवळट, पोट मात्र घागरीएवढं. बोटांनी ठोकून पाहिलं, तर आत पाणी. यकृत बिघडलं होतं. “कधीपासून वाढतंय?” मी विचारलं. तेव्हा बायकोनं त्याच्या कमरेचा करदोडा बोटावर धरला. पोटावर रुतू लागल्या तशा सोडलेल्या गाठींचे पीळ दोऱ्यात तसेच होते. “ही पोळ्याला सोडली, ही दसऱ्याला, ही दिवाळीला.” मी चकित होऊन पीळ चाचपत राहिलो, आजाराचा इतका नेमका हिशेब मला कुणी दिला नव्हता. सुईनं पाणी काढलं, मीठ बंद केलं आणि करदोड्याला नवी गाठ मारून म्हटलं, “ही रुतली की लगेच या. पण बाई, एवढं ध्यानात कसं राहिलं?” तिनं मान खाली घातली. “दर गाठीला देवाला नारळ फोडला, डाक्टर. मला वाटलं, ह्ये अंगानं भरत्यात.” अजूनही पोट मोजण्याआधी मी करदोडा बघतो, गाठी सोडल्याचे दिवस ध्यानात कसे राहिले, ते मात्र विचारत नाही.