कमलताईची दोरी

माझी मावसबहीण कमलताई आधी ओल्या फडक्याने दोरी पुसते आणि मगच कपडे वाळत घालते. ती राहते त्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत सगळ्याच बायका असं करायच्या. धुराड्यांची राख रात्रभर दोरीवर बसायची आणि न पुसता कपडे टाकले की पांढऱ्या शर्टावर काळी रेघ उठायची.

आता केंद्र बंद झालंय. कार्बनचं उत्सर्जन शून्यावर आणायचं, असं दूर कुठेतरी ठरलं. ते गरजेचंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. इथल्या विजेवर आम्ही शहरात पंखे लावून झोपलो आणि राख इथल्या माणसांच्या छातीत गेली. भाऊजींचा खोकला अजून थांबलेला नाही. पण राख थांबवणाऱ्यांनी या माणसांचं पुढे काय, ते काही ठरवलं नाही. सौर प्रकल्प आला, तो दुसऱ्या जिल्ह्यात. ताईचे दोन्ही मुलगे कामासाठी सुरतेला गेले. शेजारच्या दारांना कुलपं लागली.

परवा अंगणात मी तिला विचारलं, "ताई, आता कशाला पुसतेस गं? राख कुठे आहे?"

तिने फडकं उलगडून पाहिलं. ते स्वच्छ होतं.

"रोज बघते," ती म्हणाली. "वाटतं, एखाद्या दिवशी तरी काळं निघेल."

मग तिने दोरीवर भाऊजींचा एक शर्ट आणि स्वतःची एक साडी टाकली. बाकी सगळी दोरी रिकामीच राहिली. पुसली मात्र तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत होती.