गुरुवार मोकळा ठेवा

गुरुवार संध्याकाळ, जानेवारी १९७४. पिंपरीतल्या आमच्या कामगार कॉलनीचं वाचनालय. हजर: ती, तिचे आईवडील, शेजारचे फोरमन आणि मी. गैरहजर: तिचा धाकटा भाऊ, क्रिकेटमुळे. काम: जहाजावर शिकायचे चार विषय ठरवणे.

"आधी सोडायचं काय ते सांगा, काकू. घ्यायचं मग बघू," ती म्हणाली आणि वेणीचं टोक पेनासारखं बोटांत धरून समोरच्या कागदावर हवेतल्या हवेत फुल्या मारू लागली.

ही तिची सवय होती. मंडईत गेली तरी आधी नको त्या भाज्या मनात बाजूला काढायची आणि उरेल ती पिशवीत टाकायची. साडीच्या दुकानातही तेच. तुमच्या पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांच्याबरोबर बाजाराला जाणं सोयीचं असतं, वेळ वाचतो. या सवयीचा दुसरा अर्थ पुढे कळतो.

ती पुण्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, भूगोल घेऊन. वडील कंपनीत प्रेस मशिनवर. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी तिचं नाव पुढे केलं आणि एका परदेशी विद्यापीठाच्या जहाजावर तिला फुकट जागा मिळाली. ते जहाज एक सहामाही जगभर फिरे आणि कॉलेज त्याच्यावरच भरे. वाटेत ते मुंबईला लागणार होतं, तिथून तिला घेणार होतं. अट एकच, चार विषय निवडून लवकर कळवायचे. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असायची आणि याद्या करण्याबद्दल माझी ख्याती होती, म्हणून बैठक माझ्याकडे.

मी पट्टीने रकाने आखून ठेवले होते. प्रत्येकाने आपापलं म्हणणं मांडलं. फोरमन म्हणाले, हिशेबाचा विषय घे, परत आल्यावर टेबलाची नोकरी मिळेल. आईचं म्हणणं, पोहण्याचा तास असेल तर तो घ्यायचा नाही, बाकी काहीही चालेल. वडील उस्मानाबादकडचे. तरुणपणी त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि रोज सकाळी पहिल्या शिफ्टला निघण्यापूर्वी ते वंदना म्हणत.

"त्या धर्माच्या विषयावर फुली मारू नगंस," ते लेकीला म्हणाले. "जहाज लंकेला जायलंय म्हणतीस. तिकडची आपली माणसं वंदना कशी म्हणतेत, तेवढं ऐकून ये."

हिशेब तिने लगेच सोडला. तो काकूंकडेही शिकता येईल, म्हणाली, आणि फोरमन हसून म्हणाले, मग काकूंनाच पाठवू की जहाजावर, तेवढीच कॉलनीला शांतता. शेवटी चार उरले: समुद्रशास्त्र, बंदरांचा इतिहास, जगातले धर्म आणि ताऱ्यांवरून दिशा ओळखणं.

मग तिने वेळापत्रक पुढे ओढलं आणि चारही विषय असे बसवले की गुरुवार पूर्ण रिकामा राहिला. कॉलनीत कोणाला हे नवल वाटलं नाही. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारीच आंघोळी उशिरा, मटण, पाहुणे, लग्नाची बोलणी. तिच्या घरी मात्र अडचण होती. वडील घरी असत त्या वारी तिचं पुण्याला कॉलेज आणि रविवारी ती घरी तर वडील कामावर. दुपारचं एकत्र जेवण दिवाळीतच. जहाजावर तरी गुरुवारी सुट्टी घेईन, म्हणाली, म्हणजे तुम्ही ताटावर बसाल तेव्हा मीही मोकळी असेन.

पुण्याच्या कचेरीतल्या बाईंना हे वेळापत्रक दाखवायला आम्ही दोघी गेलो. त्या बाई खूप हसल्या. जहाजावर वार नसतात, त्यांनी समजावलं. समुद्रात असेपर्यंत रोज तास, सुट्टी फक्त बंदर आलं की.

"मग गुरुवारी बंदर येईल असं बघा ना," ती शांतपणे म्हणाली.

परतताना बसमध्ये मी तिला याबद्दल बोलले. तीही हसली. पण विषय पक्के झाले होते, आता फक्त सही करून कागद पाठवायचा होता.

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा उजवा हात मशिनमध्ये सापडला. अंगठा आणि करंगळी राहिली.

दवाखान्यात मी रोज डबा घेऊन जात होते. वडील शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होते, जहाज सोडू नको. कंपनीने घरातल्या एकाला कामावर घ्यायची तयारी दाखवली होती. भाऊ अजून शाळेत. आईला दम्याचा त्रास, धुळीत उभं राहणं शक्य नाही. मी घरी बसून मार्ग लिहून काढले. नातेवाईक, प्राध्यापक, कंपनीकडे मुदत मागणं. मुदत मागितलीही, ती मिळाली नाही. बाकीचे मार्ग मी तिच्यापुढे एकेक करून वाचले. ती ऐकत होती आणि वेणीच्या टोकाने पलंगाच्या कडेवर फुल्या मारत होती.

"आता सोडायचं काय, ते सांगा काकू," ती म्हणाली. "बाबांना सोडता येत नाही. भावाची शाळा सोडता येत नाही."

तिसरी गोष्ट कोणती, ते पलंगावरच्या माणसालाही कळलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ती तपासणी खात्यात लागली. सुटे भाग मापात आहेत का पाहायचं आणि नसतील ते बाजूला काढायचे. तिच्या सवयीला साजेसंच काम, असं कॉलनीत कौतुकाने बोललं जाई. ती त्यावर मान हलवायची. जहाज मुंबईला लागणार होतं त्या दिवशी फोरमन म्हणाले, चल, निदान लांबून बघून येऊ. ती म्हणाली, कामाचा वार आहे. आणि डबा घेऊन पहिल्या शिफ्टला गेली.

पुढच्या गुरुवारी वाचनालयाचं दार उघडते, तर ती पायरीवर बसलेली. शेजारी वडील, हात गळ्यात बांधलेला. तिच्या मांडीवर पुण्याहून आणलेलं समुद्रावरचं जाड पुस्तक.

"काकू, मला पण गुरुवार मिळाला," ती म्हणाली. "आज आपला पहिला तास."

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी आमचं जहाज चाले. विद्यार्थी तिचे वडील आणि मी. भरतीओहोटी का होते ते तिने मला कपबशीतल्या चहावर दाखवलं, चहा टेबलक्लॉथवर सांडला. तो डाग अजून आहे. समुद्र संपला, मग बंदरं झाली. तिच्या कामाच्या पाळ्या, ओव्हरटाइम, भावाची परीक्षा, नंतर त्याचं लग्न, यात वर्षं गेली. तिच्यासाठीही स्थळं आली. त्यांचं काय करायचं हे तिने तिच्या पद्धतीने ठरवलं.

धर्माच्या विषयाला वडिलांनी पहिल्याच तासाला प्रश्न विचारला, तिकडं वंदना कशी म्हणतात. पुस्तकात शब्द होते, चाल नव्हती. एका गुरुवारी ती पुण्यात शिकायला आलेल्या लंकेतल्या एका तरुण भिक्खूला घेऊन आली. त्यांना मराठी येत नव्हतं. ते मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि वंदना सुरू केली. चाल अगदी निराळी, लांब हेल काढणारी. वडील आधी नुसते बघत राहिले. मग हळूहळू त्यांचे ओठ हलू लागले. दोघांचे सूर जुळत नव्हते, एक पुढे, एक मागे. शब्द मात्र तेच होते. अंगठा आणि करंगळी राहिलेला तो हात त्यांनी दुसऱ्या हाताला जोडला होता. ती दाराशी उभी होती, पाठमोरी.

"झालं लंकेचं," नंतर ती मला म्हणाली. "आता तारे."

तारे अवघड होते. पुस्तक मिळालं, पण आकाश मिळेना. आमच्या बाजूला भट्ट्यांचा उजेड असतो, रात्री आकाश तांबूस दिसतं आणि ठळक असे चार-दोनच तारे टिकतात. माझं माहेर चाकणजवळच्या निघोज्याचं. तिथे तेव्हा सूर्य मावळला की गडद अंधार व्हायचा. तिथल्या माळावर एक रात्र जायचं ठरलं. बुधवारी संध्याकाळच्या एस.टी.ने निघायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच सुट्टी. अमावास्येच्या जवळचा बुधवार हवा. एकदा ढग आले. एकदा तिला ओव्हरटाइम लागला. मग पावसाळा लागला आणि आम्ही दसऱ्यानंतर जायचं म्हणालो.

त्या पावसाळ्यात कॉलनीत काविळीची साथ आली. बरेच जण बरे झाले. ती झाली नाही.

तिला नेलं तो वार बुधवार होता. कारखाने चालू होते, म्हणून माणसं थोडी होती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सगळी कॉलनी भेटायला आली. तिची आई प्रत्येकाला एकच सांगत होती, आज तिची सुट्टी आहे.

वडील अजून येतात. गुरुवारी दुपारी मी वाचनालय उघडते, तेव्हा ते पायरीवर असतात. ताऱ्यांचं पुस्तक घेतात, अंगठ्याने आणि करंगळीने पान धरून उलटतात. चष्म्याचा नंबर वाढलाय, वाचता येत नाही, चित्रं बघतात. जाताना पुस्तक कपाटात ठेवायला माझ्या हातात देतात आणि विचारतात,

"बाई, निघोज्याचं कवा करायचं?"

मी तयारी करून ठेवली आहे. दोन घोंगड्या, बॅटरी, त्यांच्यासाठी कानटोपी, भावजयीला निरोप. चाकणच्या रस्त्याला दिव्याचे खांब टाकताहेत, तेव्हा फार लांबवून चालणार नाही. बुधवार तेवढा ठरायचा आहे.