फूटभर कमी पाणी

अन्फूशीच्या किनाऱ्याला, लाकडी होड्या बांधतात त्या गल्लीत, उस्ता शुक्रीचं काचेचं दुकान आहे; उस्ता म्हणजे उस्ताद कारागीर. माशांच्या टाक्या करण्यात त्याचा हात सगळ्या अलेक्झांड्रियात कोणी धरणार नाही, असं तो स्वतःच सांगतो. तीस वर्षांत आपली एकही टाकी गळली नाही, हे तो नवीन माणसाला ओळख होताच ऐकवायचा आणि जुन्या माणसाला दर आठवड्याला.

म्हणून गेल्या हिवाळ्यातली चूक त्याला फार झोंबली. दोन गिऱ्हाइकांची मापं डोक्यात एकमेकांत मिसळली आणि एका कॉफीवाल्यासाठी पासष्ट सेंटीमीटर उंच करायची टाकी त्यानं पस्तीसची केली. लांबी बरोबर, उंची निम्मी. कॉफीवाला हसून निघून गेला. टाकी दुकानाच्या दारातच पडून राहिली. समोर होड्यांचं सुतारकाम करणारा गिर्गिस रोज सकाळी न चुकता विचारायचा, "काय उस्ता, मयत कधी उचलणार?"

शुक्री वरवर हसायचा. आतून मात्र त्या टाकीचं तोंडसुद्धा त्याला बघवत नसे.

अशात एक दिवस बयूमी आले. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, हळू बोलणारा माणूस. गल्लीतले सगळे त्यांना अम्म बयूमी म्हणायचे, म्हणजे आपल्या काकांसारखं. त्यांच्या हातात झाकणाची बादली होती. किनाऱ्यावरच्या अबू कीर गावातल्या एका कोळ्याच्या जाळ्यात समुद्रघोड्यांची जोडी आली होती, ती त्यानं त्यांना दिली होती.

"बायकोसाठी, तहिय्यासाठी," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, पलंगावरून उठत नाही. समुद्र दोन गल्ल्यांवर, पण तिच्यासाठी हिंदुस्थानाइतका लांब. म्हटलं, थोडा घरी न्यावा. यांना टाकी कसली लागते रे?"

शुक्रीला ठाऊक होतं. समुद्रघोडा उभा पोहतो, त्याला लांबी नको, उंची हवी. जोडी रोज सकाळी शेपट्या गुंफून वर वर चढते, आणि त्या चढण्यातच मादी नराच्या पोटपिशवीत अंडी सोडते. टाकी बुटकी असली की दोघं मध्येच पाण्याच्या वर येतात, अंडी तळाला पडतात, नराच्या पिशवीत हवा शिरते. हे सगळं त्यानं लोकांना फुकट शिकवलेलं होतं.

त्यानं दाराकडे पाहिलं. गिर्गिस रंधा मारत होता.

"हीच घ्या," शुक्री म्हणाला. "पलंगावरून बघायला बुटकीच बरी. मान वर करायला नको."

"उंची कमी नाही ना होणार?"

"अम्म बयूमी, ट्राम तुम्ही चालवलीत, टाक्या मी केल्या."

बयूमी ओशाळून हसले. त्या दिवशी टाकी त्यांच्या गळ्यात मारून शुक्री दोन कप चहा जास्त प्यायला.

दीड महिन्यानं बयूमी पुन्हा दारात उभे राहिले, रिकाम्या हातांनी. नर मेला होता, पोट फुगून वर तरंगत होता. तळाला नारिंगी दाणे पडले होते. चार दिवसांनी मादीही गेली.

"चूक माझीच," ते म्हणाले. "एका दिवशी तहिय्याचं दुखण्यावरचं औषध मिळेना. सकाळी निघालो, पाच दुकानं फिरलो, आलो तो दुपार टळलेली. बिचाऱ्यांना जवळा घालायचा राहून गेला. त्यानंच ना रे उस्ता?"

तेव्हा खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. शुक्रीनं दुसरंच वाक्य निवडलं.

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "फार नाजूक जात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

बयूमींनी मनाला लावूनच घेतलं. वर पुढच्या शुक्रवारी सय्यादियाचा डबा घेऊन आले. कांद्यात परतलेला तांबूस भात, वर तळलेला मासा. "तू धीर दिलास," म्हणाले. शुक्रीनं झाकण उघडलं, घास तोंडापर्यंत नेला आणि डबा गिर्गिसला देऊन टाकला.

"मीठ कमी आहे का?" गिर्गिसनं विचारलं.

"गप खा."

चोराच्या मनात चांदणं. गल्लीत कोणी 'अम्म' म्हणून हाक मारली तरी शुक्री आत वळायचा. शेवटी त्यानं नवी काच काढली. पासष्ट उंच, कडा घासून गुळगुळीत, आत शेपटी गुंडाळायला दोरीच्या फांद्या, पाण्याला हळूच हलवणारा पंप. माप तीनदा तपासलं. काही न बोलता टाकी ठेवू आणि मोकळे होऊ, असा हिशेब त्यानं मनाशी केला होता. असले हिशेब त्याला चांगले जमायचे.

तीन जिने चढून तो टाकी घेऊन गेला, तेव्हा दार उघडंच होतं. बयूमी पलंगाशी बसून बायकोचे पाय चेपत होते. सित्त तहिय्यानं, म्हणजे तहिय्याबाईंनी, टाकीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"परत ने, शुक्री. फार चांगली केली आहेस, पण नको."

"पैसे नकोत मला, सित्त. भेट आहे."

"मला जनावरं नकोत. ती दोघं सारखी वर जायची, तोंड पाण्याबाहेर काढायची. मला वाटायचं, खेळताहेत. उपाशी होती ती. माझ्या औषधापायी हे बाहेर राहिले आणि दोन जीव गेले."

"ही तेव्हापासून औषध मागतच नाही," बयूमी खाली बघत म्हणाले. "रात्रभर दात आवळून पडते. विचारलं तर म्हणते, दुखत नाही."

शुक्रीचे हात अजून टाकीवरच होते. आपण एका म्हाताऱ्याला फसवलं एवढंच तो समजून चालला होता. ही बाई दुखणं गिळते आहे, ते आपल्या एका वाक्यामुळे, हे आता त्याला कळलं.

"उपाशी नव्हती ती," तो म्हणाला. "एका दिवसाच्या उपासानं त्यांना काही होत नाही. टाकी बुटकी होती. मला माहीत होतं. माझी बिघडलेली टाकी होती, ती मला दारातून घालवायची होती. आणि नंतरही मी खोटं बोललो."

बयूमींनी नव्या टाकीच्या कडेवरून बोट फिरवलं, जुनी कुठवर आली असती ते हातानं मापलं. मग ते बायकोकडे वळले.

"ऐकलंस, तहिय्या? तुझ्या औषधापायी नव्हतं ते."

तिनं मान हलवली. अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "मग आणता का आज?"

बयूमींनी चपला घातल्या, कोटाच्या खिशात चिठ्ठी आहे का चाचपलं. जाताना शुक्रीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मी येईपर्यंत हिच्याजवळ बस," ते म्हणाले. "कण्हली तर पाणी दे."

शुक्री बसला. पलंगावर तहिय्या डोळे मिटून, दात आवळून पडली होती. मग तिनं आवळलेला जबडा सैल सोडला, आणि त्याच्यासमोर मोठ्यानं कण्हायला लागली.