मामांनी पिल्लासाठी केलेली तयारी

माझे मामा सोफे दुरुस्त करतात. बसलेला फोम काढायचा, नवं कव्हर ठोकायचं, हाच त्यांचा जन्मभराचा उद्योग. दुकानात येणारे निम्मे सोफे मांजरांनी फाडलेले. "आमचं घर मांजरांच्या नखांवर चालतं," असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगायचे. पण स्वतःच्या घरात मांजर? छे! विषय काढायची सोय नव्हती.

मग एकदा ते जनावरांच्या दवाखान्यात बाकड्याचं कव्हर बदलायला गेले. गुडघ्यांवर बसून माप घेत होते, तेवढ्यात एक पिवळं पिल्लू टेपमागे धावत आलं. कुणीतरी दवाखान्याच्या दारात सोडून गेलं होतं त्याला. खेळून दमलं आणि थेट मामांच्या खिशात शिरून झोपलं. पायाला मुंग्या आल्या तरी मामा जागचे हलले नाहीत.

"न्यायचंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे... देता?"

"रविवारी या. तोवर घरात तयारी करा."

झालं! मामांचे पाय जमिनीवर ठरेनात. दुकानाला कुलूप लावून ते बाजारात गेले आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परतले. पिल्लांचं खाद्य, वाळू, वाळूसाठी बुटक्या काठाचा ट्रे, न्यायला-आणायला जाळीची पेटी, मऊ ब्रश. वाट्या उथळच हव्यात, मिशा कडेला लागल्या की पिल्लं वैतागतात, हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला हसूच फुटलं.

"अहो, बाळंतपण आहे की काय घरात?" मामी म्हणाली. "आणि माझ्या पडद्यांना नख लागलं ना, तर तुम्ही दोघं दुकानात राहायला जायचं!"

"अगं, म्हणून तर हे करतोय," म्हणत मामांनी एका मोडक्या टेबलाच्या पायाला काथ्याची दोरी गुंडाळली. नखांसाठी खांब तयार! मग बिछाना. आतून फोम, वरून मखमल, कडेला गोट. पाहुण्यांच्या सोफ्यालासुद्धा त्यांनी कधी इतकं नाजूक काम केलं नव्हतं. पिल्लू कधीतरी दुकानातही येणार, म्हणून जमिनीवरून लोहचुंबक फिरवून खिळे वेचले. दोऱ्याचा तुकडान् तुकडा डब्यात बंद केला, कारण पिल्लं दोरा गिळतात. दूध मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावलं म्हणून द्यायचं नव्हतं. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

रविवारी मामा कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मामी "नुसतं बघायला" आली आणि मी पेटी धरायला.

पिवळं पिल्लू पेटीत गेलं मात्र, मागच्या टोपलीतून कुणीतरी आकांत मांडला. काळी, मुठीएवढी, कान मात्र वटवाघळाचे.

"त्याची बहीण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला अजून कुणी विचारलेलं नाही."

मामा पेटीच्या कडीशी उगाच चाळा करत, चोरून मामीकडे बघत राहिले. मामीने काळीला उचललं. काळीने मामीच्या बोटाला धरलं आणि आवाज एकदम बंद.

"दोघांना एकच ट्रे चालेल का हो?" मामीने विचारलं.

"दुसरा लागेल. वाट्यासुद्धा."

"अहो, ऐकलंत ना? मग उभे काय राहिलात?"

मामा जे सुटले ते रस्ता ओलांडून थेट समोरच्या, प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात! घाईत त्यांनी वाट्या इतक्या उचलल्या की दुकानदाराने विचारलं, पंगत आहे का.

घरी आल्यावर पिवळा सोफ्याखालून धावत सुटला, काळी त्याच्यामागे आणि मामा रांगत दोघांच्या मागे. "अरे खांब इकडे आहे! इकडे!" पडद्याच्या टोकाला काळी लोंबकळत होती. मी मामीकडे पाहिलं.

"गप गं," मामी म्हणाली. "जुनेच झालेत ते पडदे. फोटो काढ आधी!"