निवडून पाठवलेले मासे

बंदरावर तिला सगळे कानवाली म्हणायचे. म्हणणारच! मासा हाती आला की माणूस तो खायचा कसा हे बघतो. ही बाई त्याचं डोकं फोडून कानातला खडा काढायची. तांदळाच्या दाण्याएवढा. तो घासून मायक्रोस्कोपखाली धरला की आत वलयं दिसतात, वर्षाला एक. मत्स्यखात्याच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी बसून तिनं जन्मभर माशांची वयं मोजली. स्वतःचं वय विचारलं, तर मात्र अंगावर यायची.

मासे पुरवायचा तिचा थोरला भाऊ. त्याची स्वतःची बोट होती. दर आठवड्याला बर्फात घातलेली पेटी यायची आणि वर त्याचा निरोप, "कानवाले, जपून फोड."

यंदा तिला चैन पडेना. एरवी एका पेटीत दोन-तीन वेगवेगळ्या वयांचे मासे निघायचे. यंदा कुठलाही खडा धरा, वलयं तेवढीच. सगळे एकाच वर्षी जन्मलेले! त्या वर्षी समुद्राचं पाणी थंड होतं, पिलांना वेळेवर खाणं मिळालं, ती तगली. मग पाणी तापत गेलं. थोरले मासे जाळ्यांनी कधीच संपवले होते आणि मागून धाकटे येतच नव्हते. घरात सगळे कर्ते आणि पाळणा एकही नाही, अशातली गत.

बंदरावर मात्र जाळी फाटेस्तोवर मासा येत होता. दादाची स्वारी हवेत! त्यानं आणखी मोठी बोट बांधायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी राहतं घर विकायला काढलं होतं. वहिनी फोनवर रडली, "वन्सं, तुम्ही तरी सांगा यांना."

सांगायचं काय, डोंबल? भाजी चिरताना डोक्यात तेच, केस विंचरताना तेच. खात्यातल्या साहेबांना कळवलं तर मासेमारी बंद होणार, म्हणजे दादाच्या पोटावर पाय. नाही कळवलं, तर घरही जाणार आणि मासाही. आणि आपलंच चुकत असेल तर? तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. शेवटी चप्पल पायात सरकवून ती तडक बंदरावर गेली.

दादा धक्क्यावर जाळं सांधत बसला होता.

"दादा, माझ्या पेटीत मासे कसे भरतोस रे?"

"कसे म्हणजे? हातानं."

"चेष्टा पुरे. येतील तसे भरतोस ना?"

"वेडी की काय! बहिणीच्या ऑफिसात बारकं चिंगूर पाठवू? निवडून मोठेमोठे घालतो. पहिल्यापासून. चारचौघांत तुझी मान खाली जायला नको."

ती दोरांच्या ढिगावर बसली. याच्या कपाळावर जाळं मारावं की गळ्यात पडावं, तिला कळेना. म्हणजे धाकटे मासे होते! हा शहाणा ते बाजूला काढत होता. तिला हसूच फुटलं.

"माझं सगळं काम मातीत घातलंस रे तू!"

"आणि वर हसतेस?"

"आत्ताचा माल दाखव मला. न निवडलेला."

बोटीवरून टोपल्या उतरतच होत्या. त्यानं एक ओल्या फरशीवर पालथी केली. ती बाह्या सरसावून उकिडवी बसली. सगळे मासे हातभर. धाकटा एकही नाही.

"खालच्या टोपलीत असतील," दादा म्हणाला.

खालच्याही टोपलीत नव्हते. तिचं हसू केव्हाच मावळलं होतं. तिनं हात पुसले, पण दादा थांबेना. एक टोपली, दुसरी टोपली, तो मासे भराभरा उलटेपालटे करत सुटला. मग त्याचे हात हळू झाले.

"पूर्वी तुझी पेटी भरायची म्हणजे कंबर मोडायची," तो म्हणाला. "निवडत बसायला लागायचं. यंदा..."

"यंदा काय?"

"यंदा टोपली उचलतो आणि सरळ पेटीत ओततो गं."

बर्फाचं पाणी तिच्या चपलांखालून वाहत होतं. तिला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती.

"वहिनीला सांग, घर विकायचं नाही," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. "आणि तू? साहेबांना सांगणार?"

"सांगावंच लागेल, दादा."

"मग आत्ताच जा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "नाहीतर सकाळ झाली की मी परत जाळं टाकीन."