राजाचं एकविसावं वर्ष

विल्फ्रेड पेटिंगेलने जन्मभर गवती छपरं शाकारली. आमच्या दप्तरखान्यात आला की आधी वर छताकडे बघून नाक मुरडायचा, मग बसायचा. अकरा वर्षं दर मंगळवारी तो जुन्या जमीनदाराच्या कचेरीतल्या निवाड्यांच्या चामडी गुंडाळ्या वाचत होता. हेसवोल्डच्या शाळेत पोरांनी त्याला ‘बिनबापाचा’ म्हणून फार छळलं होतं. आता त्याचा सातशे वर्षांचा वंशवृक्ष शनिवारी त्याच गावाच्या सभागृहात लागणार होता. फक्त तपासणीची माझी सही राहिली होती.

वृक्षात नुसते बाप आणि लेक. त्याचं स्वतःचं नाव थेट आजोबांखाली, म्हणजे आईच्या वडिलांखाली. आई, आयव्ही, साफ गाळलेली. मला खटकलं.

सगळ्यात वर ॲडम आणि त्याचा मुलगा जॉन. पुरावा म्हणून गुंडाळीतून सुटलेली दोन पानं, दोन्ही राजा एडवर्डच्या कारकिर्दीच्या एकविसाव्या वर्षातली. तेरा जानेवारी: माटिल्डा बाळंत झाल्याने कचेरीत गैरहजर, मुलगा जॉन. दोन फेब्रुवारी: तिचा नवरा ॲडम वारला. आधी पाळणा, मग तिरडी, असा विल्फ्रेडचा सरळ हिशेब.

मी दोन्ही तारखा पुन्हा वाचल्या. राजाचं वर्ष तो गादीवर बसला त्या दिवसापासून, म्हणजे पंचवीस जानेवारीपासून मोजत. तेरा जानेवारी त्या वर्षाच्या शेवटी येते. ॲडम आधी गेला आणि जॉन जन्मला पुढे साडेअकरा महिन्यांनी.

कुणाला कळणार होतं? सही ठोकून मोकळं व्हावं असं वाटलं, आणि स्वतःचाच राग आला.

“पोरी, तोंड का पाडलंस? मी शाई सांडली का?”

मी सगळं सांगितलं. त्याने बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले. वंशवृक्षाचा कागद त्याच्या मुठीत चुरगळू लागला. आता फाडतो की काय, अशी मला भीती वाटली.

“मग जॉनचा बाप कोण?”

“लिहिलेलं नाही.”

“आणि तिला हाकललं असेल.”

“नाही. वीस वर्षांनंतरही तीच जमीन कसतेय. जॉन सोबत आहे.”

त्याने चुरगळलेला कागद टेबलावर सपाट केला. मग म्हणाला, “गाव काय काय बोललं असेल तिला.”

जुन्या कागदांवर डाग पडू नयेत म्हणून आमच्याकडे पेन चालत नाही. त्याने माझी पेन्सिल घेतली, ॲडम खोडला, माटिल्डा लिहिलं. मग कागदाच्या तळाशी आला. आजोबा आणि त्याच्यामध्ये जागाच ठेवलेली नव्हती. बारीक अक्षरात, दाटीवाटीने त्याने आयव्हीचं नाव घातलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“आता कर सही.”